दिवाळीच्या सुट्टीतला न नेमलेला विषय



दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात मुलं किल्ला करतात. निवृत्त झाल्यापासून मी पुण्यात मुलाकडे राहतो आणि हा किल्ला दरवर्षी खुर्ची टाकून बघतो. गेल्या वर्षी माती आणण्यात, ती चाळण्यात, विटा रचण्यात सगळ्यांच्या पुढे होता तो आमच्या वॉचमनचा मुलगा. वय अकरा-बारा. दोन दिवस त्याने पोती वाहिली. किल्ला उभा राहिला, अळीव पेरून झालं आणि सिंहासनावर महाराजांची मूर्ती कोणी ठेवायची यासाठी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. चिठ्ठ्या नऊ झाल्या. मुलं दहा होती.

कोणी त्याला हाकललं नाही, कोणी वाईट बोललं नाही. तो आपणहून दोन पावलं मागे सरकला, इतकंच. मी सातवीतल्या एका मुलीला हळूच विचारलं, "अगं, त्याची चिठ्ठी?" ती सहज म्हणाली, "आजोबा, त्याने वर्गणी नाही ना दिली." मुलगी गुणी आहे. 'भूतदया' या विषयावर निबंध लिहायला दिला तर पैकीच्या पैकी गुण मिळवील. तिला दहावी चिठ्ठी दिसली नाही, एवढीच गोष्ट. ती दिसायला कसं शिकवायचं, याविषयी मला आज बोलायचं आहे.

सहावी, सातवी, आठवीतली मुलं माझ्यासमोर आहेत. लहान मूल समोर कोणी रडलं की रडतं, ते उपजत असतं. मार्टिन हॉफमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने परदुःख कळण्याच्या पायऱ्या मांडल्या आहेत. त्यांच्या मते बालपण सरता सरता मुलाला एक नवी गोष्ट जमू लागते. समोरचा आत्ता हसत असला तरी त्याचं एकंदर आयुष्य कठीण असू शकतं, हे त्याला कळू लागतं. पण याच वयात मुलांना आपल्या घोळक्याची फार ओढ असते. कोणाला घोळक्यात घ्यायचं, कोणाला कोणतं टोपणनाव ठेवायचं, याची सगळी क्रूर कारागिरी याच वर्गांत चालते. तीस वर्षं मी हे वर्ग शिकवले, म्हणून सांगतो. समज आणि निष्ठुरपणा एकाच बाकावर बसलेले असतात.

आमच्या शिक्षक प्रशिक्षणात या गुणाला 'समानुभूती' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जी दहा जीवनकौशल्यं सांगितली, त्यांत हे एक आहे. शब्द जरा जड आहे, पण एक फरक त्यातून नीट कळतो. 'बिचारा' म्हणणं ही सहानुभूती. त्यात आपण वरच्या पायरीवर आणि तो खालच्या. समानुभूतीत पायरी एकच. त्याला काय वाटतंय ते त्याच्याकडून समजून घ्यायचं असतं.

मग हे शाळेत का होत नाही? परिपाठात होतं की. संवेदनशीलता, सौजन्यशीलता ही मूल्यं फळ्यावर लिहिलेली असतात, मुलं ती वहीत उतरवूनही घेतात. पण शाळेला घंटा असते, पोर्शन असतो, घाई असते. आणि घाईचा या गुणाशी थेट संबंध आहे. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या तरुणांना त्यांनी शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायला सांगितलं. त्यांतल्या काहींचा विषय होता बायबलमधली दयाळू शोमरोनीची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची. वाटेवर एका दाराशी एक माणूस खोकत, कण्हत बसलेला असेल अशी व्यवस्था केली होती. ज्यांना 'सावकाश जा' सांगितलं होतं त्यांच्यातले शेकडा ६३ जण त्या माणसासाठी काही ना काही करायला पुढे झाले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त शेकडा १०. भाषण कोणत्या विषयावर द्यायचं होतं, याने फारसा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेला माणूस कण्हणाऱ्याला ओलांडून गेला, कारण त्याला उशीर झाला होता.

म्हणून मला सुट्टीचं महत्त्व वाटतं. सुट्टीत वेळ असतो. निदान असायला हवा. हल्ली आपण तिथेही क्लास, शिबिरं, छंदवर्ग भरून ठेवतो. 'व्यक्तिमत्त्व विकास' नावाच्या शिबिरासाठी मुलाला घाईघाईने गाडीत कोंबणारे पालक मी रोज पाहतो. असो.

आता माझी एक चूक सांगतो. ही नोकरीतली गोष्ट आहे, बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका गावची. या भागातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि साखर कारखान्यांच्या फडावर पाच-सहा महिने काढून मंडळी परततात. लेकरं बहुधा बरोबर जातात. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की आमचे वर्ग विरळ झालेले असत.

मी सातवीचा वर्गशिक्षक होतो. नवरात्रात आम्ही वर्गावर्गांतून जुने कपडे गोळा केले आणि गावाबाहेरच्या वस्तीत नेऊन वाटले. मुलांना रांगेत उभं करून एकेकाच्या हातून कपडे देववले. मुलांवर संस्कार होतोय, या समाधानात मी होतो. चार-पाच दिवसांनी, सहामाही परीक्षा चालू असताना, माझ्याच वर्गातला एक मुलगा गणवेशाचा बरा पांढरा शर्ट घालून आला. खिशाखाली रुपयाएवढा निळ्या शाईचा डाग होता. मधल्या सुट्टीत दुसरा एक मुलगा ओरडला, "अरे, हा तर माझा शर्ट!" त्याच्या ओरडण्यात दुष्टपणा नव्हता. हरवलेली वस्तू सापडावी तसा तो आनंदाने ओरडला. पण वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी तो शर्ट धुऊन, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलेला होता. मुलगा आपल्या जुन्या, विरलेल्या शर्टात पेपर लिहीत होता. त्याने मान वर केली नाही. सुट्टीत त्याचं कुटुंब उसाला गेलं आणि पुढच्या जूनमध्ये तो आमच्या शाळेत आला नाही. शर्टामुळे आला नाही असं मी म्हणणार नाही. गळतीची कारणं अनेक असतात. पण तो शर्ट मी बरेच दिवस टेबलाच्या खणात ठेवला होता. कोणाला देण्याची माझी छाती झाली नाही.

माझं चुकलं कुठे, याचा मी पुष्कळ विचार केला. मी कठोर नव्हतो. उलट मी स्वतः गरिबीत वाढलो. लहानपणी मला कोणी धड शर्ट दिला असता तर मी उड्या मारल्या असत्या. म्हणजे मी त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं होतं. आणि तिथेच गफलत झाली. पुढे वाचनात आलं की ज्यांचा प्रयोग मघाशी सांगितला त्याच बॅटसन यांनी हा फरक तपासला आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 'त्याच्या जागी मी असतो तर मला काय वाटलं असतं' आणि 'त्याला काय वाटत असेल' या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. दुसऱ्या प्रश्नाने समोरच्याविषयी कळवळा येतो. पहिल्याने कळवळा येतो, पण त्याबरोबर आपली स्वतःचीच अस्वस्थता वाढते. आपण घरोघरी मुलांना काय म्हणतो? "तुला कोणी असं केलं तर चालेल का?" हा प्रश्न वाईट नाही, पण अर्धा आहे. मूल त्यातून पुन्हा स्वतःकडेच बघतं.

किल्ल्याच्या त्या दिवशी मी त्या मुलीला भाषण दिलं नाही. एवढंच विचारलं, "तो मागे सरकला तेव्हा कसा दिसत होता, पाहिलंस का?" तिने वळून पाहिलं. जरा वेळ गप्प राहिली आणि तरातरा जाऊन म्हणाली, "थांबा रे, एक चिठ्ठी राहिली." मग पंचाईत अशी झाली की चिठ्ठीवर लिहायचं काय? सगळे त्याला 'छोटू' म्हणत. खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं. ते विचारावं लागलं. चिठ्ठी काही त्याची निघाली नाही, पण तेव्हापासून सोसायटीतली मुलं त्याला नावाने हाक मारतात.

तर सुट्टीतला पहिला गृहपाठ मी हाच सुचवीन. आपण सुट्टीत असताना जी माणसं कामावर असतात, त्यांतल्या एकाशी मुलाने बोलायचं. द्यायचं काही नाही, फक्त बोलायचं. दिवाळीची पोस्त मागायला येणारा पोस्टमन, सफाई कामगार, रुग्णालयातली परिचारिका, कोणीही. मुलाबरोबर मोठं माणूस असावं, परक्या घरी मुलाला एकटं धाडू नये. मुलाने विचारायचं की तुमचं गाव कुठलं, घरी कोण वाट पाहतं, आजच्या दिवसात सगळ्यात अवघड वेळ कोणती. आमच्या गावी सहावीतल्या एका मुलीने एसटीच्या कंडक्टरला हे विचारलं होतं. तो म्हणाला, भाऊबीजेला गाड्यांना सगळ्यात जास्त गर्दी, म्हणून रजा मिळत नाही. बहीण वाटेवरच्या एका स्टँडवर ताट घेऊन येते, गाडी दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात ओवाळून घेतो. मुलीने विचारलं, "मग तुम्ही ताटात काय घालता?" तो हसून म्हणाला, "ते तेवढं आधी ठरवून ठेवतो, बाळ. तिकिटाच्या पैशांत मिसळायला नको म्हणून वेगळ्या खिशात." वेगळ्या खिशाची ही गोष्ट त्या मुलीने वर्गात सांगितली तेव्हा कोणी हसलं नाही.

घरातल्या मोठ्यांचं वागणं हा दुसरा, आणि जरा अडचणीचा भाग. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना आपण दिवाळीला साडी देतो, बोनस देतो. पण त्यांचा चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. एका सातवीतल्या मुलाने जेवताना आईला विचारलं, "मावशी घासलेल्या ताटात आपण जेवतो, मग त्यांचा कप खिडकीत का?" आईने त्याला गप्प बसवलं. ही हकीकत त्या माऊलीनेच मला सांगितली, डोळ्यांत पाणी आणून, आणि कप आता फडताळात आहे हेही सांगितलं. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांची कामं गाजावाजा न करता स्वतः करत, असं त्यांचे विद्यार्थी पुढे सांगत राहिले. सगळ्यांना ते जमणार नाही. कप फडताळात ठेवणं जमेल.

काही पालक विचारतात, याचा मुलाला उपयोग काय? प्रश्न रोखठोक आहे, म्हणून उत्तरही देतो. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात नऊ ते अकरा वर्षांच्या चारशेहून अधिक मुलांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. चार आठवडे, दर आठवड्याला तीन, अशा दयाळूपणाच्या कृती काही मुलांनी करायच्या होत्या. बाकीच्यांनी तेवढ्याच वेळा आपल्या आवडीच्या ठिकाणी जायचं होतं. मजा दोन्ही गटांना आली. पण दुसऱ्यासाठी काही केलेली मुलं वर्गमित्रांना अधिक हवीशी वाटू लागली. आपला मुलगा वर्गात एकटा पडतो अशी तक्रार करणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात घ्यावं.

मात्र बक्षिसाच्या फंदात पडू नका. 'एक चांगलं काम, एक चॉकलेट' असा तक्ता फ्रिजवर लावू नका. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं की मदत केल्याबद्दल वस्तू मिळालेली वीस महिन्यांची बाळंसुद्धा पुढे वस्तू मिळेनाशी झाल्यावर कमी मदत करतात. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ती मदत करत राहतात. फोटोचंही तसंच. फराळाचं ताट देताना फोटो काढला की ताट घेणाऱ्याचा चेहरा अनोळखी लोकांच्या मोबाइलवर फिरतो. माझ्या वर्गात एकाच मुलाने शर्ट ओळखला होता.

आणखी एक सोपा उपाय सुट्टीत आपल्या हाताशी असतो. आजोळी किंवा काकाकडे एखादं तान्हं बाळ असतंच. टोरांटोमध्ये मेरी गॉर्डन या बाईंनी १९९६ साली एक उपक्रम सुरू केला. त्यात वस्तीतलं एक बाळ आईवडिलांसह वर्षभर ठरावीक अंतराने वर्गात येतं. त्याला आत्ता काय हवंय, ते का रडतंय, हे मुलांनी ओळखायचं असतं. बाळाला शब्द नाहीत, म्हणून चेहरा वाचावाच लागतो. आपल्या सातवीतल्या चिरंजीवांकडे अर्धा तास बाळ सोपवून पाहा. लवंगी फटाक्याने ते दचकतं तेव्हा त्याची मूठ कशी आवळली जाते, हे एकदा पाहिलेल्या मुलाला फटाके लांब नेऊन उडवायला फार वेळा सांगावं लागत नाही.

आता शर्टाच्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी काय झालं ते सांगतो. पुन्हा सातवीचाच वर्ग होता. या वेळी कपडे गोळा केले नाहीत. उसाला जाणारी मुलं वर्गात अकरा होती. प्रत्येकाच्या शेजारी बसणाऱ्याला मी सांगितलं की तुझ्या सोबत्याला एकट्याला गाठून एक प्रश्न विचार. तू गेल्यावर आमच्याकडून काय व्हावं असं तुला वाटतं?

मला वाटलं होतं, वह्या मागतील, स्वेटर मागतील. एका मुलीने सांगितलं, परत आल्यावर मराठीच्या पुस्तकातले राहिलेले धडे मला कोणीतरी गोष्टीसारखे सांगा. एक मुलगा म्हणाला, माझी आजी मागे एकटी राहते, तिला हापशावरून पाणी आणवत नाही. आणि एकाने सांगितलं, बाकावरची माझी जागा कोणाला देऊ नका.

पाण्याचं काम चार मुलांनी वाटून घेतलं. रोज दोन घागरी, सुट्टीभर. पहिल्या दिवशी म्हातारीने विचारलं, "कुनाचं लेकरू हाय रं तू?" आठवड्याभरात ती चौघांनाही त्यांच्या आयांच्या नावाने ओळखू लागली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ज्याची पाळी होती तो मुलगा फटाक्यांच्या नादात विसरला. दुसऱ्या दिवशी पहाटेच घागर घेऊन पळत गेला. म्हातारी म्हणाली, "काल शेजारनीनं दिलं रं एक तांब्या. सनासुदीचं तुला काम असंल." त्याने मला हे सांगितलं तेव्हा त्याला रडू आवरत नव्हतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, म्हणाला. मी त्याची समजूत घातली नाही. शाळा उघडल्यावरही पाणी चालू राहिलं. मी एकदाही आठवण केली नाही.

जागेचं प्रकरण अवघड होतं. डिसेंबरात वर्गात दोन नवी मुलं आली, बाक अपुरे पडू लागले. शेजारच्या मुलाने खडूने बाकावर सोबत्याचं नाव लिहून ठेवलं होतं. दिवसभरात ते पुसलं जाई, रोज सकाळी हा पुन्हा लिही. मी नव्या मुलांना पुढे माझ्या टेबलाशेजारी बसवलं. मार्च संपता संपता एका सकाळी तो मुलगा दारात उभा राहिला. हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे, अंगाने थोडा उंच झालेला. त्याने आधी बाकाकडे पाहिलं. शेजाऱ्याने आपलं दप्तर उचलून मांडीवर घेतलं. हा येऊन बसला आणि म्हणाला, "गणित कुठवर आलंय?"